कबोचा-चिकनची सोबोरोनी: फोडी का विरघळतात, खिम्याच्या गाठी का होतात

तुमची अडचण आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे कशाचे उत्तर आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही आठ महिन्यांपूर्वी नागोयाला राहायला आलात. शेजारच्या आजींनी डब्यातून कबोचा, म्हणजे जपानी भोपळा, आणि चिकनच्या खिम्याची 'सोबोरोनी' ही रसातली भाजी दिली. मुलाने ती चाटूनपुसून खाल्ली. तेव्हापासून तुम्ही ती चार वेळा घरी करून पाहिली आणि चारही वेळा तेच झाले: भोपळ्याच्या फोडींचा लगदा, खिम्याच्या कडक गाठी आणि चव नुसती गोडमिट्ट. पाककृतीतली मापे अगदी ग्रॅम-मिलिलिटरसकट पाळली होती. म्हणून तुम्ही विचारले आहे की नेमकी किती मिनिटे शिजवायची, आणि दिवाळीत साताऱ्याला गेल्यावर हे आपल्या लाल भोपळ्यात जमेल का.

मी योकोहामाजवळच्या एका लहान सोझाईच्या दुकानात अकरा वर्षे काम केले. सोझाई म्हणजे लोक संध्याकाळी घरी नेतात आणि भाताबरोबर खातात ते तयार पदार्थ. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत आमच्याकडे कबोचाची दोन पातेली रोज चढायची. त्यामुळे जे सांगते आहे ते त्या पातेल्यांसमोर उभे राहून कळलेले आहे.

मिनिटांचा आकडा मी देईनच, पण तुमची खरी अडचण मिनिटांची नाही. या पदार्थात दोन जिन्नस आहेत आणि दोघांच्या शिजण्याच्या तऱ्हा एकमेकींच्या उलट आहेत. भोपळ्याला स्थिर बसून वाफ हवी, त्याला हात लावायचा नाही. खिम्याला सुरुवातीपासून सतत ढवळणे हवे, नाहीतर गाठी होणारच. तुमच्या पाककृतीत दोन्ही एकाच पातेल्यात पडतात आणि शेवटी त्यातच स्टार्चचे पाणी ओतून ढवळायला सांगितले आहे. म्हणजे भोपळा सगळ्यात नाजूक झालेला असतो, नेमका तेव्हा आपण त्यात चमचा फिरवतो. पाककृती लिहिणाऱ्याचा हात सरावलेला असतो, त्याचे पातेलेही रुंद असते, म्हणून त्याचे निभते. नवख्या हाताने खोल पातेल्यात ते निभत नाही. आपल्याकडे भाजी म्हटली की झाकण काढून एकदा खालीवर करायची सवय असते, ती इथे मारक ठरते.

आता यात परिस्थितीवर अवलंबून काय आहे, तर भोपळा. सगळ्यात जास्त तोच. सोया सॉसच्या दोन बाटल्यांत फारसा फरक नसतो, पण दोन कबोचांत जमीनअस्मानाचा असू शकतो.

सुपरमार्केटात आज कबोचा म्हणून जो मिळतो, तो बहुतेक वेळा 'कुरी कबोचा' जातीचा असतो. कुरी म्हणजे चेस्टनट. वरून गडद हिरवा, आतून गडद पिवळा आणि पिठूळ. नीट शिजला की त्याला जपानीत 'होकुहोकु' म्हणतात. भाजलेले रताळे फोडल्यावर जसे कोरडे-मऊ फुललेले दिसते, तसे. हा पिठूळपणा स्टार्चमुळे येतो आणि हाच भोपळा जास्त शिजला की सगळ्यात आधी ढासळतो. जपानची जुनी जात वेगळी होती. ती १६व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. 'कबोचा' हे नावही कंबोडियावरून पडले, कारण पोर्तुगीजांनी तो तिकडून आलेला म्हणून सांगितला. ही पोर्तुगीज जहाजे गोव्याहून निघून मलाक्का, मकाऊ करत जपानला जायची, म्हणजे त्या जलमार्गावर आपल्या किनाऱ्याचाही एक थांबा होता, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. ती जुनी जात पाणीदार, गुळगुळीत आणि चवीला सौम्य. ती भरपूर दाशीत, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या चवदार पाण्यात, बराच वेळ शिजवली तरी आकार धरून राहायची. कुरी कबोचाची जात मात्र खूप नंतर, १९व्या शतकात अमेरिकेकडून आली आणि हळूहळू सगळा बाजार तिनेच व्यापला. हे सांगण्याचे कारण असे की जुन्या घरगुती पाककृतीत 'फोडी बुडेपर्यंत दाशी' असे लिहिलेले आढळले, तर ते आजच्या भोपळ्याला लागू करू नका.

दुकानात तो पाव भाग कापून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मिळतो. ही गोष्ट आपल्या सोयीची आहे, कारण आतले दिसते. गर जितका गडद पिवळा, तितका चांगला. बिया फुगीर, टपोऱ्या हव्यात. चपट्या, पातळ बिया म्हणजे वेलीवरून लवकर काढलेला भोपळा. देठाचा तुकडा बरोबर असेल तर तो बुचासारखा कोरडा, भेगाळलेला हवा. मग गावाचे नाव वाचा. जपानच्या उत्तरेचा होक्काइदो प्रांत सगळ्यात जास्त कबोचा पिकवतो आणि तिथला माल उन्हाळा संपता संपता काढणीला येतो. काढल्यावर तो काही दिवस हवेशीर जागी वाळत ठेवतात, मग साठवतात. साठवणीत स्टार्चची हळूहळू साखर होत जाते. म्हणून अगदी ताजा काढलेला कबोचा पिठूळ असतो पण फिका लागतो, आणि दीडदोन महिने ठेवलेला गोड होतो पण थोडा ओलसर. इथे २१-२२ डिसेंबरच्या सुमारास, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, कबोचा खायची रीत आहे. उन्हाळ्याची भाजी तोवर टिकते आणि तेव्हाच गोडीला येते, म्हणून ती रीत चालत आली. थंडी सरत आली की शेल्फवर न्यूझीलंड आणि मेक्सिकोचे नाव दिसू लागते. तोही चांगला निघतो, फक्त प्रवासातून आलेला असल्यामुळे त्याचा ओलावा प्रत्येक वेळी वेगळा लागतो.

मग आपल्या हातातला कबोचा पिठूळ आहे की पाणीदार, हे शिजवण्याआधी कसे ओळखायचे? आमच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात ही युक्ती दाखवली आणि मी ती आजही सोडलेली नाही. फोडी पातेल्यात साल खाली करून लावायच्या, वर पाककृतीतली साखर भुरभुरायची आणि वीस मिनिटे काहीही करायचे नाही. मग वाकून जवळून बघायचे. चांगल्या पिठूळ कबोचावर साखरेचे दाणे ओले होऊन विरघळतात, पिवळ्या गरावर घाम आल्यासारखे बारीक थेंब उभे राहतात, पण खाली पाणी साचत नाही. पाणीदार कबोचाच्या बाबतीत तळाशी चमचाभर पिवळट रस जमलेला असतो. पहिल्याला अडीचशे मिलिलिटर दाशी लागेल, दुसऱ्याला दोनशेच पुरेल आणि तोही दोन मिनिटे लवकर उतरवावा लागेल. साखर आधी लावण्याचा आणखी एक फायदा आहे. साखरेचा रेणू मिठाच्या मानाने मोठा, त्याला आत शिरायला वेळ लागतो. खारट वस्तू आधी घातली की गोडी बाहेरच राहते. म्हणूनच इथे आधी साखर आणि मग सोया असा क्रम मुलींकडून पाठ करून घेत.

कापण्याबद्दल. अख्खा कबोचा फार टणक असतो, सुरी अडकून निसटली तर बोट जाईल. पाव भागसुद्धा मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर ठेवला की सुरी सहज चालते. बियांबरोबरचा दोऱ्यादोऱ्यांचा मऊ भाग चमच्याने अगदी खरवडून काढा. तो राहिला तर रस गढूळ होतो आणि लोकांना वाटते की फोडी विरघळल्या. फोडी चार सेंटिमीटरच्या, शक्य तितक्या सारख्या करा. साल काढायची नाही. फोडीला धरून ठेवणारी तीच एक गोष्ट आहे. हवे तर मधे मधे दोनतीन ठिकाणी सालीचा पातळ पापुद्रा काढा, तिथून रस आत जातो. आणि गराच्या धारदार कडा सुरीने हलकेच मोडून गोल करा. याला 'मेनतोरी' म्हणतात. मी सुरुवातीला हे नुसते दिसण्यासाठी आहे असे समजत होते. तसे नाही. उकळताना फोडी एकमेकींवर आपटतात आणि धारदार कड सगळ्यात आधी झिजते. ती झीजच रसात उतरते.

आता आच. पातेले असे निवडा की सगळ्या फोडी एकाच थरात, शेजारी शेजारी, अगदी दाटीने बसतील. चारशे ग्रॅमला वीस-बावीस सेंटिमीटरचे पसरट पातेले. साल खाली, पिवळा गर वर. दाशी कडेने सोडा, फोडींवर ओतू नका. पातळी फोडींच्या माथ्याच्या किंचित खाली राहिली पाहिजे. जपानीत याला 'हिताहिता' म्हणतात, पण आपल्याला 'अंगाबरोबर रस' म्हटले की लगेच समजते. उघड्यावर मध्यम आचेने उकळी येऊ द्या, मग आच कमी करा आणि झाकण ठेवा.

हे झाकण पातेल्याच्या तोंडावर नाही, थेट भोपळ्यावर. 'ओतोशिबुता'. लाकडाचे मिळते, पण अॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून, पुन्हा पसरून, पातेल्याहून थोडे लहान गोल करून, मधे चार भोके पाडली तरी काम तेच होते. बुडबुडे वर येतात, फॉइलला लागतात आणि रस पुन्हा फोडींच्या माथ्यावर पसरतो. म्हणजे कमी रसातही वरचा भाग कोरडा राहत नाही आणि उलटवायची गरजच उरत नाही. शिवाय फोडी जागच्या जागी दाबून राहतात. तुमची पाककृती हे झाकण सांगत असेल आणि तुम्ही ते क्षुल्लक समजून गाळले असेल, तर तुमच्या लगद्याचे अर्धे कारण तिथे आहे.

मिनिटे म्हणाल तर उकळी आल्यापासून पाच मिनिटांनी सोया सॉस घाला, तोही कडेने, पातेले दोन्ही हातांनी धरून हलकेच तिरके करत. पुढची तीन ते सहा मिनिटे भोपळ्यावर अवलंबून. आठव्या मिनिटाला सर्वांत जाड फोडीत दातकोरणे घाला. सरळ आत जाऊन तळाशी सालीजवळ किंचित अडले, तर आच बंद. अजिबात न अडता गेले तर उशीर झाला आहे. शेवटचा तो किंचित कच्चेपणा पातेल्याच्या स्वतःच्या उष्णतेवर निघतो.

चमच्याबद्दल मी एवढे आग्रहाने का सांगते आहे, तेही सांगते. दुकानात लागून महिनाही झाला नव्हता. पाच किलो कबोचाचे पातेले माझ्यावर सोपवलेले होते. वरच्या फोडी कोरड्या दिसल्या म्हणून मी लाकडी उलथन्याने एकदाच, खालून वर, भाजी परतल्यासारखे केले. फोडी त्या क्षणी मोडल्या नाहीत. सालीपासून सुटल्या. पुढच्या पाच मिनिटांत सगळे पातेले पिवळ्या पिठल्यासारखे झाले आणि संध्याकाळच्या गिऱ्हाइकांना त्या दिवशी ती भाजी मिळाली नाही. मालकीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे ते सगळे निथळून, दाबून दुसऱ्या दिवशीच्या कोरोक्केत, म्हणजे जपानी कटलेटात, वापरले. मला मात्र त्या गिऱ्हाइकांपैकी एका म्हाताऱ्या बाईंचा रिकामा डबा अजून आठवतो.

आता चिकन. खिम्याच्या गाठी का होतात? चिकनमधली प्रथिने साधारण ६० अंशांच्या पुढे घट्ट धरू लागतात. उकळत्या रसात थंड खिमा सोडला की गोळ्याचा बाहेरचा भाग तत्क्षणी बांधला जातो, आणि मग कितीही ढवळले तरी लहान लहान गोळेच होतात. त्यांचा आतला भाग शिजेपर्यंत बाहेरचा चिवट होतो. 'सोबोरो' शब्दाचा अर्थच मुळी सुटा, भुरभुरीत चुरा. म्हणून खिमा वेगळ्या लहान पॅनमध्ये, थंड असतानाच, सगळ्या ओल्या जिनसांबरोबर कालवायचा. दीडशे ग्रॅम खिम्याला दोन मोठे चमचे साके (तांदळाची दारू), दीड मोठा चमचा मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू), एकूण सोयापैकी निम्मा, म्हणजे पाऊण मोठा चमचा, आणि चहाचा चमचाभर किसलेले आले. मिश्रण अगदी सैल, भज्याच्या पिठासारखे दिसले पाहिजे. मग पॅन मंद आचेवर ठेवून चार चॉपस्टिक मुठीत धरून न थांबता ढवळायचे. चारांऐवजी ताकाची लहान रवी किंवा तारेचा व्हिस्क चालेल, उलथने चालणार नाही. रंग पांढरट होऊ लागला की वेग वाढवा. तीनचार मिनिटांत बारीक मोकळे दाणे दिसतील आणि भोवती थोडा रस असेल. इथेच थांबा. रस आटवत बसलात तर खिमा वाळूसारखा लागेल.

चिकन कच्चे राहील ही भीती बाळगू नका. इथल्या व्यावसायिक स्वयंपाकघरांत मांसाच्या मध्यभागी ७५ अंश, एक मिनिट, असा नियम पाळतात. मोकळ्या खिम्याला ते तापमान गाठायला वेळच लागत नाही. नंतर तो रसात पुन्हा दोन मिनिटे उकळणारच आहे.

खिमा कोणता घ्यायचा यावरही बरेच अवलंबून आहे. पाकिटावर 'मोमो' लिहिले असेल तर तो मांडीचा, 'मुने' लिहिले असेल तर छातीचा. छातीचा खिमा स्वस्त आणि पांढराशुभ्र असतो, पण कोरडा पडतो. या पदार्थाला मांडीचाच घ्या. फक्त छातीचा मिळाला तर कालवताना चहाचा चमचाभर तेल घाला. खिम्याऐवजी चिकनचे तुकडे हवे असतील तर मांडीचेच, सालीसकट, तीन सेंटिमीटरचे. साल खाली करून पॅनमध्ये लालसर परता आणि भोपळ्याबरोबर दाशीत ठेवा. तुकड्यांना दहा-बारा मिनिटे मानवतात, छातीच्या मांसाला मानवत नाहीत.

गोडमिट्ट चवीचे काय? तुम्ही मिरिनच्या बाटलीचे नाव लिहिले नाही, पण लेबल उलटून बघा. 'होन-मिरिन' म्हणजे खरे मिरिन. त्यात साधारण १४ टक्के अल्कोहोल असते, आणि गोडी तांदळाच्या स्टार्चपासून आलेली. 'मिरिन-फू' लिहिले असेल तर त्यात अल्कोहोल एक टक्क्याहून कमी आणि गोड पाकच जास्त. होन-मिरिनमधले अल्कोहोल आणि साखर फोडींना आकार धरायला मदत करतात, पाकाच्या बाटलीत अल्कोहोलच जवळजवळ नसल्याने ती मदत तेवढी मिळत नाही. मिरिन-फूच वापरणार असाल तर पाककृतीतली साखर निम्मी करा. दारू घरात आणायचीच नसेल तर साकेऐवजी दाशी, मिरिनऐवजी चहाचा चमचाभर जास्त साखर घ्या आणि आले थोडे वाढवा. फरक पडेल, पण पदार्थ चांगलाच लागेल.

गोडीचे दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. ज्या रसात नुसते पाणी, साखर आणि सोया आहे, त्यात गोडीला तोलून धरणारे काही नाही. ते काम दाशी करते. तुम्ही पाकिटातली पूड वापरत असाल तर त्यात मीठही असते, त्यामुळे आपण घाबरून सोया कमी घालतो आणि चव आणखी गोड होते. या पदार्थासाठी मी फक्त कोंबूची, म्हणजे सुक्या समुद्री शेवाळाची, दाशी घेते, सुक्या माशाचे कातसुओबुशी नाही. कारण चिकन स्वतः ते काम करते. तोक्योच्या विद्यापीठात किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबूतून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिले. पुढे १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना कातसुओबुशीत इनोसिनेट सापडले. हे दोन्ही एकत्र आले की चव नुसती बेरीज न राहता कित्येक पटींनी वाढते. चिकनमध्ये इनोसिनेट असतेच. म्हणजे कोंबूचे पाणी आणि चिकनचा रस भेटले की जोडी पुरी झाली. करायला काहीच कष्ट नाहीत. रात्री अर्धा लिटर पाण्यात पाच-सहा ग्रॅम कोंबू टाकून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी कोंबू काढून घ्या. वरची पांढरी पूड धुऊ नका, चव तिच्यातही आहे.

आता जोडणी, आणि इथेच तुमच्या पाककृतीपासून मी फारकत घेते. भोपळा उतरवला की खिमा त्याच्या रसासकट पातेल्यात कडेकडेने सोडा, फॉइल पुन्हा ठेवा, मंद आचेवर दोन मिनिटे. आच बंद करून वीस मिनिटे मुरू द्या. मग फोडी एकेक करून, सालीखाली चपटा चमचा घालून, वाडग्यात उचलून ठेवा. आता पातेल्यात फक्त रस आणि खिमा उरला, तो तुम्ही हवा तसा ढवळू शकता. रसाला उकळी आणा, चहाचे दीड चमचे काताकुरिको (रस दाट करायचे स्टार्च) दुप्पट पाण्यात कालवून धारेने घाला आणि मिनिटभर ढवळत उकळा. आधी गढूळ दिसेल, मग एकदम पारदर्शक चकाकी येईल. ती आली की झाले. हा दाट रस फोडींवर ओता. दुकानात आम्ही कायम असेच करत होतो. चार फोडी उचलण्याचा एक मिनिट जास्त जातो, पण एकही फोड मोडत नाही.

मापे एकत्र देते: बिया काढून चारशे ग्रॅम कबोचा, दीडशे ग्रॅम मांडीचा खिमा, दोनशे ते अडीचशे मिलिलिटर कोंबूची दाशी, एक मोठा चमचा साखर, दीड मोठा चमचा सोया (निम्मा भोपळ्यात, निम्मा खिम्यात), साके, मिरिन, आले आणि काताकुरिको वर सांगितल्याप्रमाणे. मोठा चमचा म्हणजे इथला मापाचा, १५ मिलिलिटरचा. घरातला जेवणाचा चमचा नको.

ते मुरवणे वगळू नका. 'गार होताना चव शिरते' असे इथे सगळे म्हणतात. खरे तर चव शिरण्याचे काम गरम असतानाच वेगाने होते. पण उकळत असताना शिरण्याबरोबर फोड मोडतही असते. आच बंद केली की मोडणे थांबते आणि शिरणे चालू राहते. मात्र मुरवणे म्हणजे रात्रभर ओट्यावर ठेवणे नव्हे. दाट रसातले चिकन कोमट राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि त्यातले काही पुन्हा उकळूनही जात नाहीत. अर्ध्या तासात खायचे नसेल तर पसरट भांड्यात काढून गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. मुलाच्या डब्यासाठी देणार असाल तर रस जवळजवळ कोरडा ठेवा, सकाळी पुन्हा पूर्ण गरम करा, गार होऊ द्या आणि मगच झाकण लावा. जून-जुलैच्या दमट पावसात मी ही भाजी डब्यात देत नाही.

साताऱ्याबद्दल. आपला लाल भोपळा म्हणजे त्या जुन्या पाणीदार जातीचा भाऊबंद. तो पिठूळ होणार नाही, म्हणून शेजारच्या आजींसारखी भाजी तिथे होईल अशी आशा ठेवू नका. पण वेगळी आणि चांगली होते, मी पुण्याला आईकडे दोनतीनदा केली आहे. मंडईत मोठ्या भोपळ्याची फाक घेताना गर घट्ट आणि केशरी बघून घ्या, बोटाने दाबला तर खळगा पडता कामा नये. साल ठेवा. साखर लावून अर्धा तास ठेवल्यावर सुटलेले सगळे पाणी मापून घ्या आणि तेवढी दाशी कमी करा. बहुतेक वेळा शंभर-सव्वाशे मिलिलिटर दाशी पुरते. खाटकाला मांडीचा खिमा करून द्यायला सांगा, नाहीतर तो छातीचाच देतो. कोंबू, सोया आणि मिरिन इथून न्या, कोंबू वजनाला हलका असतो. काताकुरिको म्हणजे आता बटाट्याचेच स्टार्च. त्याऐवजी कॉर्नफ्लोअर घातले तर रस पारदर्शक न होता दुधट दिसतो, चवीत फरक नाही, फक्त ते थोडे जास्त वेळ उकळा.

पाचव्यांदा कराल तेव्हा सगळे एकदम बदलायला जाऊ नका. तीच तुमची पाककृती घ्या, खिमा वेगळा करा आणि दाटपणा आणण्याआधी फोडी बाहेर काढा. एवढ्यावर फोडी टिकल्या तर पुढच्या वेळी दाशी बघू. आणि पुन्हा मोडल्याच, तर भोपळा कुठल्या गावचा होता आणि साखर लावल्यावर तळाशी पाणी साचले होते का, ते लिहा.